बावन्न सेकंद आणि आपले मैदान

(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण. येत्या सर्वसाधारण सभेपुढे याच विषयावरचा ठराव असल्यामुळे सभासदांच्या आग्रहावरून येथे छापत आहोत.)



मी काही व्याख्याता नाही. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाचे बोलणे ‘इथे सही करा’ आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, अर्ध्या तासाने या’ यापलीकडे फारसे जात नाही. पण चिटणीस म्हणाले, ठरावाला दुरुस्ती ज्याने लेखी दिली त्यानेच ती समजावून सांगावी. म्हणून उभा आहे.

ठराव आपणा सर्वांना मिळालेला आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिला असा की, आपल्या क्रीडा महोत्सवात यापुढे प्रत्येक सामन्याआधी राष्ट्रगीताची रेकॉर्ड लावावी. दुसरा असा की, त्या वेळी जो उभा राहणार नाही त्याला स्वयंसेवकांनी मैदानाबाहेर काढावे, आणि तो खेळाडू असेल तर त्याचा संघ बाद करावा. ठराव मांडणारी तरुण मंडळी माझ्या ओळखीची आहेत. त्यांच्या मनात खोट नाही. देशासाठी काही करावेसे वाटते, ही चांगलीच गोष्ट आहे. माझा विरोध भावनेला नाही, मसुद्याला आहे.

आम्हा बँकवाल्यांची रीत अशी की आधी सर्क्युलर वाचायचे आणि मग गिऱ्हाइकाशी बोलायचे. तसेच करू.

‘जन गण मन’ १९११ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात प्रथम गायले गेले आणि २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी ते राष्ट्रगीत म्हणून जाहीर केले. त्यासंबंधी गृह मंत्रालयाचे आदेश आहेत. पूर्ण गीताला सुमारे ५२ सेकंद, संक्षिप्त रूपाला सुमारे २०. गीत चालू असताना उपस्थितांनी सावधान उभे राहावे, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. याबद्दल कोणाचे दुमत नसावे, माझे तर नाहीच. पण गीत कोणत्या प्रसंगी झालेच पाहिजे याचीही यादी त्यात आहे, आणि खेळाचा सामना त्या यादीत नाही. मनाईही नाही. मातृभूमीला वंदन म्हणून, आदराने आणि शिस्तीने होत असेल तर गायला हरकत नाही, असा त्याचा आशय. सगळ्यांनी मिळून गायचे असेल तर ध्वनिव्यवस्था पुरेशी असावी, हवे तर शब्द छापून वाटावेत, इथपर्यंत बारकाईने विचार केलेला आहे. आपल्या ठरावात ध्वनिव्यवस्थेचा एक शब्द नाही. बाहेर काढण्याची व्यवस्था मात्र तपशीलवार आहे.

आता कायदा. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा १९७१ चा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात शिक्षा कोणाला आहे? जो जाणूनबुजून राष्ट्रगीत गाऊ देत नाही, किंवा गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणतो, त्याला. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. बसून राहिलेल्या माणसाबद्दल त्या कलमात वाक्य नाही. उलट, गीत चालू असताना त्या बसलेल्या माणसावर ओरडणारा स्वयंसेवक या कलमाच्या किती जवळ जाऊन उभा राहतो, याचा विचार ठराव लिहिणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

केरळातला खटला तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. एका ख्रिस्ती पंथातली तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढले. १९८६ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांचे ते निकालपत्र आहे. गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, आणि जो आदराने उभा आहे त्याने अनादर केला असे म्हणता येत नाही, असा तो निकाल.

दुसरा खटला तर आपल्याच राज्यातला. भोपाळचे श्यामनारायण चौकसे २००३ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेले, कारण एका गाजलेल्या हिंदी चित्रपटात राष्ट्रगीताचा प्रसंग होता आणि थिएटरात लोक उभे राहत नव्हते. त्यांच्याच पुढच्या याचिकेवर ३० नोव्हेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक चित्रपटाआधी राष्ट्रगीत सक्तीचे केले. पुढे काय झाले ते आपण पाहिले. लगेच डिसेंबरात अपंगांसाठी सवलत द्यावी लागली. त्याच महिन्यात ‘दंगल’ आला. त्यात मुलगी राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकते आणि राष्ट्रगीत वाजते. म्हणजे प्रेक्षक सुरुवातीला एकदा उभे राहिले, आता पुन्हा उभे राहायचे की नाही? कोणी राहिले, कोणी नाही, भांडणे झाली. शेवटी फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाला सांगावे लागले की कथेच्या ओघात वाजलेल्या गीताला उभे राहणे बंधनकारक नाही. ऑक्टोबर २०१७ च्या सुनावणीत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनीच विचारले की लोकांनी देशभक्ती सतत दाखवत का फिरावे. उद्या कोणी म्हणेल, चित्रपटाला हाफ पँट घालून येणे हाही अवमान. ९ जानेवारी २०१८ ला सक्ती उठली. चौदा महिन्यांत देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जे सांभाळणे जड गेले, ते आपले बिल्लेधारी स्वयंसेवक दोन दिवसांच्या महोत्सवात सांभाळणार आहेत.

कायद्याचे एवढे पुरे. खेळाकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

सामन्याआधी राष्ट्रगीत ही प्रथा आपली नव्हे, आणि फार जुनीही नव्हे. १९०५ च्या डिसेंबरात कार्डिफला वेल्स आणि न्यूझीलंड यांचा रग्बीचा सामना होता. न्यूझीलंडच्या संघाने आपला ‘हाका’ नाच केला, त्याला उत्तर म्हणून वेल्सच्या खेळाडूंनी आपले गीत सुरू केले आणि सारे प्रेक्षक त्यात मिसळले. खेळाच्या मैदानावर असे गीत होण्याची सुरुवात तिथून मानतात. म्हणजे मुळात ते लोकांनी आपणहून गायलेले गाणे होते. भोंग्यावर लावलेली रेकॉर्ड नव्हती.

आता ऑलिंपिक घ्या. तिथे ज्याला सुवर्ण त्याचेच गीत वाजते. आपल्या हॉकी संघाने १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन सुवर्णे जिंकली, तेव्हा आपल्याला राष्ट्रगीतच नव्हते. बर्लिनच्या अंतिम सामन्याआधी ध्यानचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कपडे बदलायच्या खोलीत तिरंग्याला वंदन केले, आणि मग बाहेर येऊन जर्मनीवर आठ गोल चढवले. पाहायला तिथे कोणी नव्हते. दार बंद होते.

स्वातंत्र्यानंतर वैयक्तिक पदक आणणारा पहिला भारतीय आपला मराठी माणूस, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक. त्या गटात सुवर्ण कोणाला? जपानच्या शोहाची इशीला. म्हणजे खाशाबा आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणी उभे राहिले ते जपानच्या राष्ट्रगीताला. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य घेतले, तेव्हा गीत वाजले चीनचे. वैयक्तिक सुवर्ण आपल्याला आजवर दोनच. २००८ मध्ये अभिनव बिंद्रा आणि २०२१ च्या टोकियोत नीरज चोप्रा. हॉकीची सुवर्णे सोडली तर बाकी प्रत्येक पदक आपल्या माणसांनी दुसऱ्याचे राष्ट्रगीत ऐकत स्वीकारले आहे. हिशेब मांडला तर ऑलिंपिकच्या चौथऱ्यावर भारतीय खेळाडूने सर्वांत जास्त वेळा काय केले असेल, तर दुसऱ्या देशाच्या राष्ट्रगीताला ताठ उभे राहणे.

त्यातही नीरजचे पॅरिस पाहा. त्याचा भाला ८९.४५ मीटर गेला, पाकिस्तानच्या अर्शद नदीमचा ९२.९७. पदके देताना पाकिस्तानचे राष्ट्रगीत वाजले आणि आपला नीरज, जो सेनेतला माणूस आहे, बाजूला रुपेरी पदक गळ्यात घालून शांत उभा होता. त्याच्या आईने तर सांगितले की सुवर्ण मिळाले तो मुलगाही आपलाच. नीरजच्या देशभक्तीवर शंका घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

याच्याशेजारी दुसरे चित्र ठेवतो. १४ सप्टेंबर २०२५ ला दुबईत आशिया चषकाच्या सामन्यात पाकिस्तानच्या राष्ट्रगीताच्या जागी चुकून काही क्षण नाचाचे गाणे लागले. त्याची चित्रफीत आपल्या मंडळाच्या ग्रुपवर किती वेळा फिरली, आणि खाली हसण्याची चिन्हे किती आली, ते ज्याने त्याने आपल्या फोनवर पाहावे. त्याच वर्षी फेब्रुवारीत लाहोरला इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या गीताऐवजी क्षणभर आपले राष्ट्रगीत लागले होते, तेव्हा मात्र कोणाला हसू आले नव्हते.

१९ ऑक्टोबर २०२५ ला आपल्या होळकर स्टेडियमवर महिला विश्वचषकात भारत-इंग्लंड सामना झाला. आपण चार धावांनी हरलो, स्मृती मानधनाच्या ८८ वाया गेल्या, ते दुःख वेगळे. पण इंग्लंडचे गीत चालू असताना आमच्या रांगेत कोणी सेल्फी काढत होता, कोणी समोशांची ऑर्डर देत होता. आपले सुरू झाले तसे तेच लोक छातीवर हात ठेवून उभे. पाहुण्यांच्या गीताला उभे राहायचे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आपल्या ठरावातही ते नाही. पुढच्या महिन्यात आपल्याच संघाने, देव करो, नवी मुंबईला जिंकायचे, आणि नेमके ५२ धावांनी, हे मात्र त्या दिवशी कोणाला ठाऊक होते!

आता कोणी विचारील, की राष्ट्रगीताला मुद्दाम उभाच राहिला नाही, तर काय करायचे? अमेरिकेत २०१६ मध्ये हे घडले. कॉलिन कॅपर्निक हा तिथल्या फुटबॉलचा खेळाडू कृष्णवर्णीयांवरील अन्यायाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहिला. त्याचे बरोबर की चूक हा त्यांच्या देशाचा प्रश्न, मी त्यात पडत नाही. पण एक माजी सैनिक, नेट बॉयर, त्याला जाऊन भेटला. दोघे बोलले, आणि बसण्याऐवजी एक गुडघा टेकावा असे ठरले, कारण पडलेल्या साथीदारापुढे सैनिक तसा गुडघा टेकतो. पुढे कॅपर्निकला कोणी संघात घेतले नाही, राजकारण खूप झाले. पण त्या गर्दीत जाऊन ‘बाबा, तू असे का करतोस’ असे विचारणारा माणूस एकेकाळी गणवेश घातलेला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता आपल्या घरी येऊ. गेल्या महोत्सवात ही पद्धत प्रयोग म्हणून राबवली. टेनिस बॉल क्रिकेटला सोळा संघ, बाद पद्धत, म्हणजे पंधरा सामने. पंधरा गुणिले बावन्न, सातशे ऐंशी सेकंद. तेरा मिनिटे. वेळेचा प्रश्न नाहीच. पण पहिल्या सामन्याला सगळे मैदान उभे होते. दुसऱ्यालाही. पाचव्याला पंच स्कोअरबुक भरत होते. दुपारी पोह्यांच्या टेबलावर वाढप चालूच होते आणि रांगेतली मंडळी प्लेट हातात धरून अर्धवट थांबली होती, कारण बसावे की चालावे कळेना. संध्याकाळी रेकॉर्ड मध्येच अडकली आणि मुले हसली. मुलांना मी दोष देत नाही. दिवसात आठ वेळा जे लागते ते माणसाच्या कानाला घंटेसारखे होऊन जाते. मोहम्मद सिराज जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला राष्ट्रगीताच्या वेळी रडला, ते आपण टीव्हीवर पाहिले. हैदराबादला रिक्षा चालवणारे त्याचे वडील दीड महिन्यापूर्वीच गेले होते. ते अश्रू पेन ड्राइव्हवर भरून ठेवता येत नाहीत.

आणि त्याच दुपारी ती घटना घडली, जिच्याबद्दल अजून कोणी उघड बोललेले नाही. आपले एक ज्येष्ठ सभासद खुर्चीवर बसले होते. कमरेच्या सांध्याचे ऑपरेशन होऊन त्यांना तीन महिने झाले नव्हते. एकेकाळी खो-खोमध्ये त्यांना बाद करायला समोरच्या संघाची सगळी पाळी संपायची, हे माझ्या वडिलांच्या वयाच्या मंडळींना ठाऊक आहे. गीत चालू असताना एका स्वयंसेवकाने त्यांना ‘उठा, उठा’ म्हणून खुणा केल्या, मग दुसऱ्याने आवाज चढवला. काका काठी धरून उठले. गीत संपल्यावर कोणाशी न बोलता सुनेला घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशीच्या बक्षीस समारंभाला त्यांची खुर्ची रिकामी होती. त्यानंतर ते मंडळात आलेले नाहीत. मी दोनदा घरी जाऊन आलो. चहा देतात, तब्येतीचे बोलतात, मंडळाचा विषय काढत नाहीत.

२०१६ मध्ये पणजीच्या एका चित्रपटगृहात अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका लेखकाला राष्ट्रगीताला उभे राहिले नाहीत म्हणून मागून मारले गेले. चालण्यासाठी ते चाकांची खुर्ची वापरतात. आपल्याकडे मारामारी झाली नाही हे आपले नशीब, ठरावाचे श्रेय नव्हे.

आणखी एक गोष्ट बोलतो, थोडी अवघड आहे. गेल्या वर्षी सोळापैकी सहा संघ मंडळाबाहेरचे होते. सिंधी कॉलनीचा होता, बंगाली मित्र होते, मुस्लिम वस्तीतला एक होता, ज्याने उपांत्य फेरी गाठली. ठरावाचे दुसरे कलम एकोणीस वर्षांच्या, छातीवर बिल्ला लावलेल्या मुलाच्या हाती दिले, तर त्याची नजर आधी कोणत्या संघाकडे जाईल? मला उत्तर नको, ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. कोणाचा पाय हलला, कोणाचे ओठ हलले नाहीत, आणि संघ बाद. मग पुढच्या वर्षी ते सहा संघ येणार नाहीत आणि आपण आपल्यातच खेळत बसू.

आपली घराणी होळकरांबरोबर, शिंद्यांबरोबर, गायकवाडांबरोबर या मुलखांत आली, त्याला दोन-अडीचशे वर्षे झाली. तरी अजून कोणीतरी विचारतोच, ‘आप लोग मूल कहाँ के हैं?’ बेळगावकडच्या बांधवांना हा प्रश्न हसून विचारला जात नाही. आपण इथले आहोत हे दर वेळी सिद्ध करून दाखवावे लागणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळावे? राष्ट्रगीतात ‘मराठा’ शब्द येतो तेव्हा आपली मुले आवाज चढवतात, मला ते ऐकायला आवडते. पण त्याच गीतात ‘सिंध’ आहे. तो शब्द काढा म्हणणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळली. आपल्या शेजारच्या सिंधी काकूंचे गाव आज दुसऱ्या देशात आहे, गीतात मात्र ते आहे. त्या काकूंच्या नातवाला आपण दाराशी उभे करून तपासणार?

म्हणून माझी दुरुस्ती. राष्ट्रगीत महोत्सवात एकदाच व्हावे, समारोपाला, सगळे संघ मैदानात असताना. रेकॉर्ड नको, गाऊन व्हावे, पेटीवर सूर देऊन. आपल्या संगीत वर्गाच्या मुली पुढे राहतील, त्यांच्या बाईंशी मी बोललो आहे, सूर मोठ्यांनाही झेपेल असा खालचा धरणार आहेत. शब्दांचे कागद देवनागरीत छापून वाटू. खर्च मी पाहिला, पाचशे प्रतींना फार होत नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्यातल्या पुष्कळांना ते लागतील. त्या वेळी पोह्याचे टेबल, स्कोअरबुक, माइकवरच्या सूचना, सगळे बंद. ज्यांना उभे राहता येत नाही त्यांनी बसावे, असे आधीच माइकवर आदराने सांगावे, म्हणजे कोणाला काठी शोधावी लागणार नाही. गीत चालू असताना कोणत्याही स्वयंसेवकाने कोणालाही काही बोलू नये, हात तर लावूच नये. कोणाचे वागणे खटकलेच, तर नंतर अध्यक्षांनी बाजूला बसवून दोन शब्द बोलावेत. संघ बाद करण्याचे कलम पूर्ण वगळावे. आणि शालेय गटाच्या शिबिरात मुलांना एवढे शिकवावे की टीव्हीवर असो की स्टेडियमात, दुसऱ्या देशाचे गीत लागले की गप्प राहायचे आणि उभे राहायचे, खाशाबा राहिले तसे.

त्या ज्येष्ठ काकांकडे अध्यक्षांनी स्वतः जावे, अशीही विनंती मी पत्रात केली आहे. ती ठरावाचा भाग नाही, तिला मतदान लागणार नाही.

सभा रविवारी सकाळी दहाला याच सभागृहात आहे. मतदान हात वर करून होते. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी बसल्या जागेवरून हात वर केला तरी मोजला जाईल, असे चिटणीसांकडून मी विचारून घेतले आहे.